न धावणाऱ्याचा दंड

आपल्या प्राचीन वाङ्मयात आगी पुष्कळ आहेत. महाभारतात खांडववन जळते, वारणावतातले जतुगृह जळते. रामायणात लंका जळते. या आगींकडे थोडे थांबून पाहिले की त्यांच्यात एक समान गोष्ट दिसते. त्या सर्व लावलेल्या आगी आहेत. त्यांच्यामागे कोणाचा तरी हेतू आहे: देवाची भूक, शत्रूचे कपट, दूताचा कोप. जतुगृह तर मुळात जळण्यासाठीच बांधलेले घर. लाख, तूप, शण अशा पदार्थांनी ते सिद्ध केलेले आहे. गृहनिर्माणाचे जे काही शास्त्र असेल त्याचे ते बुद्ध्या केलेले विडंबन म्हणावे लागेल.

परंतु माणसाच्या घराला खरोखर लागणारी आग बहुधा अशी नसते. चुलीतली ठिणगी उडते, वाऱ्याची झुळूक येते, छपराचे गवत पेट घेते. या आगीला नायक नाही आणि खलनायकही नाही. तिला हेतू नाही, म्हणून तिचे आख्यान होत नाही. महाकाव्यांनी तिची फारशी दखल घेतलेली नाही. ती शोधायची असेल तर साहित्याच्या अभ्यासकाने आपल्या नेहमीच्या कपाटापासून थोडे दूर जायला हवे. ज्या ग्रंथांना आपण रूक्ष म्हणून बाजूला ठेवतो, त्या नियमग्रंथांत ही साधी, निर्हेतुक, घरगुती आग सापडते. तिच्याविषयी या ग्रंथांपैकी एकाने जे म्हटले आहे, त्याचे वाचन हा या लेखाचा विषय आहे.

हा ग्रंथ म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्र. पंधरा अधिकरणे, दीडशे अध्याय आणि एकशे ऐंशी प्रकरणे असा त्याचा विस्तार आहे. शतकानुशतके केवळ नावाने आणि उताऱ्यांनी माहीत असलेला हा ग्रंथ म्हैसूरच्या ग्रंथालयात आलेल्या एका हस्तलिखितावरून रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी 1909 साली प्रसिद्ध केला, आणि प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाची दिशा बदलली. पुढे रघुनाथ पंढरीनाथ कंगले यांनी त्याची चिकित्सक संहिता, इंग्रजी भाषांतर आणि विवेचक अभ्यास असे तीन खंड सिद्ध केले. 1960 ते 1965 या काळात मुंबई विद्यापीठाने ते प्रकाशित केले. अर्थशास्त्राचा जगात कोठेही गंभीर अभ्यास होवो, या मुंबईच्या आवृत्तीशिवाय तो पुढे जात नाही, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. दुःख इतकेच, की आपल्या वर्गांतून हा ग्रंथ अजूनही साम-दाम-दंड-भेदापलीकडे फारसा पोचत नाही. हेर, विषकन्या आणि कुटिल मंत्री यांच्या गर्दीत त्यातली चूल, घागर आणि शिडी हरवून जातात.

दुसऱ्या अधिकरणाचे नाव अध्यक्षप्रचार. त्याच्या शेवटच्या, म्हणजे छत्तिसाव्या अध्यायाचा विषय आहे नागरिकप्रणिधि. येथे ‘नागरिक’ म्हणजे आजच्या अर्थाने नगरवासी नव्हे, तर नगराचा मुख्य अधिकारी. त्याच्या हाताखाली स्थानिक, आणि स्थानिकांच्या हाताखाली गोप. एकेका गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबे सोपवलेली. त्या कुटुंबांतल्या स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नाव, व्यवसाय, त्यांची मिळकत आणि खर्च हे सगळे गोपाला माहीत असायला हवे. याच अध्यायाच्या मध्यावर, रस्त्यातल्या घाणीच्या नियमांना अगदी लागून, आगीविषयीची आठ-दहा सूत्रे येतात.

सूत्रांकडे जाण्यापूर्वी ती कोणत्या नगरासाठी लिहिली असतील, हे पाहणे आवश्यक आहे. मेगॅस्थेनीसच्या आधारे ग्रीक लेखकांनी केलेले पाटलिपुत्राचे वर्णन प्रसिद्ध आहे. नगराभोवती लाकडी तट, त्याला 570 बुरूज आणि 64 दरवाजे. एरियन सांगतो, की नदीकाठची नगरे लाकडाची बांधतात, कारण पूर आणि पाऊस यांपुढे विटा टिकत नाहीत. उंचावरची नगरे मात्र विटामातीची असतात. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे या लाकडी तटाचे अवशेष प्रत्यक्ष सापडले. कुम्राहार येथे 1912-13 साली डी. बी. स्पूनर यांनी केलेल्या उत्खननात पाषाणस्तंभांच्या विशाल सभागृहाच्या खुणा मिळाल्या आणि त्यांबरोबर राखेचा थरही मिळाला. पाली महापरिनिब्बानसुत्तात बुद्धाच्या तोंडी या नगराविषयी जे भाकीत आहे, तेही येथे आठवते. हे श्रेष्ठ नगर होईल, परंतु त्याला तीन भये राहतील: अग्नीचे, पाण्याचे आणि आपसांतल्या फुटीचे.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. अर्थशास्त्र आणि मौर्यांचे पाटलिपुत्र यांची सरळ जोडी लावणे आज पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. कंगले यांनी परंपरेने सांगितलेले मौर्यकालीन कर्तृत्व मान्य केले. टॉमस ट्राउटमान यांनी 1971 साली शैलीच्या संख्याशास्त्रीय तपासणीवरून ग्रंथात एकाहून अधिक हात असल्याचा निष्कर्ष काढला. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी तर ग्रंथाची घडण मौर्यांनंतर कित्येक पिढ्यांची मानली आहे. तेव्हा ही सूत्रे चंद्रगुप्ताच्या राजधानीत अमलात होती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. लाकूड, बांबू आणि गवत यांनी बांधलेल्या, दाट वस्तीच्या गंगाखोऱ्यातल्या नगराचा अनुभव त्यांच्यामागे असावा, एवढेच म्हणावे. आपल्या वाचनासाठी तेवढे पुरेसे आहे.

पहिला नियम उन्हाळ्याचा आहे. दिवसाचे चार भाग केले, तर मधल्या दोन भागांत, म्हणजे साधारण सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत, घरात विस्तव पेटवायचा नाही. पेटवला तर पणाचा आठवा हिस्सा दंड. स्वयंपाक करायचाच असेल तर तो घराबाहेर करावा. चौथ्या अधिकरणात खेड्यांनाही उन्हाळ्यात बाहेर रांधण्याविषयी असेच सांगितले आहे. या दंडाचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. रस्त्यावर माती टाकणाऱ्यालाही याच अध्यायात पणाचा आठवा हिस्साच दंड आहे. म्हणजे भर दुपारी चूल पेटवणे हा काही घोर अपराध मानलेला नाही. सार्वजनिक जागेविषयीची ती एक बेफिकिरी आहे, आणि तिची किंमत रस्त्यातल्या मातीइतकीच. चूल आपल्या घरात आहे. पण उन्हाळ्याच्या दुपारी ती गल्लीची होते. हा विचार एवढ्या थोड्या शब्दांत मांडलेला क्वचित आढळेल.

परंतु येथे सूत्रकाराने एक नाव घेतलेले नाही. दंड भरणारा पुरुष आहे. चूल पेटवणारी किंवा न पेटवणारी व्यक्ती कोण? वैशाखात पहाटे उठून सूर्य वर येण्याच्या आत सगळ्यांचे अन्न शिजवून ठेवायचे, किंवा उन्हात अंगणात दगड मांडून रांधायचे, हा या नियमाचा प्रत्यक्ष अर्थ होता, आणि तो घरातल्या बाईच्या वाट्याला येणार होता. विस्तव राखेत पुरून ठेवणे, तो सकाळी फुंकून जागा करणे, विझला तर शेजारणीकडून शेणीवर निखारा आणणे, हे आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत चालत आलेले ज्ञान कोणत्याही शास्त्राने लिहून घेतले नाही. अर्थशास्त्रातला आगीचा नियम या अलिखित ज्ञानावर उभा आहे, आणि ते ज्ञान बाळगणारी मात्र सूत्राबाहेर राहिली आहे.

दुसरा नियम साधनांचा. प्रत्येक घरात पाण्याचे पाच घट, कुंभ, द्रोणी, निश्रेणी, परशु, शूर्प, अंकुश, कचग्रहणी आणि दृति असायला हवेत. नसतील तर पाव पण दंड. भाषेच्या अभ्यासकाला ही यादी जितकी ओळखीची वाटेल तितकी ती इतिहासकारालाही वाटणार नाही. घट आपला घडा आहे. द्रोणी म्हणजे लाकडी डोणी. निश्रेणी म्हणजे शिडी. सह्याद्रीतल्या ‘निसणीच्या वाटे’त हा शब्द अजून जिवंत आहे. शूर्प म्हणजे सूप. दृति म्हणजे कातड्याची पखाल. परशु आणि अंकुश यांना भाषांतराची गरजच नाही.

यांतले प्रत्येक साधन काय करते हे मनात उभे केले, की त्या काळची आग विझवण्याची सगळी रीत दिसू लागते. घट, कुंभ, द्रोणी आणि पखाल पाण्यासाठी. शिडी छपरावर चढण्यासाठी. कुऱ्हाड खांब-वासे तोडण्यासाठी. टीकाकार सुपाचा संबंध धुराशी जोडतात. अंकुश जळते सामान ओढून काढण्यासाठी. आणि कचग्रहणी? ‘कच’ म्हणजे केस. केस धरून ओढणारी ती कचग्रहणी. पेटू पाहणारे गवताचे छप्पर खाली ओढून काढण्याचे हे साधन आहे. छप्पर म्हणजे घराचे केस, ही कल्पना कोणा कवीला सुचलेली नाही. हत्याराला नाव देताना कोणा अनाम कारागिराला ती सहज सुचून गेली आहे. या यादीतली निम्मी साधने पाणी ओतण्यासाठी नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. ती मोडण्यासाठी, तोडण्यासाठी, ओढून काढण्यासाठी आहेत. गवताच्या घरांच्या वस्तीत पेटलेले घर वाचवणे बहुधा शक्य नसते. शेजारचे घर वाचवता येते, आणि त्यासाठी कधी कधी आपले घर मोडावे लागते.

घरातल्या या साधनांना रस्त्यावरची जोड आहे. रस्त्यांत, चौकांत, नगरद्वारी आणि राजाच्या इमारतींपाशी पाण्याच्या घागरी हजारांच्या संख्येने भरून ठेवायच्या. रात्री घरमालकांनी आपापल्या घराच्या दाराशीच राहायचे. एकत्र जमायचे नाही. नगरात रात्री संचारबंदी आहे, तिचा आरंभ आणि शेवट वाद्याच्या नादाने कळवला जातो, आणि त्या काळात बाहेर दिसणाऱ्याला पकडले जाते. परंतु या संचारबंदीला काही अपवाद आहेत: बाळंतिणीसाठी निघालेला, वैद्यासाठी निघालेला, प्रेत नेणारा, हातात दिवा असलेला, आणि असेच आणखी काही. त्यांच्यात आगीच्या कारणाने बाहेर पडलेला माणूसही आहे. जन्म, आजार, मरण आणि आग. जे राज्य आपल्या प्रजेवर इतका अविश्वास दाखवते, तेही या प्रसंगी रस्ता मोकळा करून देते.

आता मुख्य सूत्राकडे वळू. काहीही पेटले असता जो घरमालक धावून जाणार नाही, त्याला बारा पण दंड. जो अवक्रयी, म्हणजे भाड्याने राहणारा, धावणार नाही, त्याला सहा पण. निष्काळजीपणाने आग लागली तर चौपन्न पण. जाणूनबुजून आग लावणाऱ्याला त्याच आगीत मरण.

या आकड्यांचे वजन आज कसे कळावे? पाचव्या अधिकरणात राजसेवकांच्या वेतनाची यादी आहे. तिच्या अगदी तळाशी असलेल्या परिचारकांना साठ पण वेतन आहे, आणि ते वार्षिक मानले जाते. त्या हिशोबाने बारा पण म्हणजे अशा सेवकाची जवळजवळ अडीच महिन्यांची मिळकत. चौपन्न पण म्हणजे जवळजवळ वर्षभराची. घरात शिडी नसल्याचा दंड पाव पण, आणि आगीकडे न धावल्याचा दंड त्याच्या अठ्ठेचाळीस पट. साधन नसणे ही चूक आहे. न धावणे हा अपराध आहे.

मालकाला बारा आणि भाडेकरूला सहा, हे प्रमाण विचार करायला लावणारे आहे. घर मालकाचे, म्हणून त्याचे नुकसान अधिक, म्हणून त्याचा दंड अधिक, असे एक स्पष्टीकरण सुचते. परंतु सूत्र जळणाऱ्या घराविषयी ‘आपले’ असे म्हणत नाही. जे पेटले आहे त्याच्याकडे धावायचे आहे. तेव्हा हा दंड नुकसानीच्या प्रमाणात नाही. वस्तीत ज्याची मुळे अधिक खोल, त्याचे वस्तीला देणे अधिक, असा हा हिशोब दिसतो. तरीही भाडेकरू सुटलेला नाही. आज येथे, उद्या तेथे राहणाऱ्या, भिंतीवर हक्क नसलेल्या माणसालाही निम्मे देणे आहेच. जो येथे झोपतो, तो येथला आहे. नगराचे सदस्यत्व मालकीवरून ठरवू पाहणाऱ्या सगळ्या काळांना, आपल्या काळालाही, हे सूत्र काही सांगते.

आणखी एक शब्द येथे महत्त्वाचा आहे. सूत्रात न धावणाऱ्यासाठी ‘अनभिधावतः’ असा प्रयोग आहे. धातू आपल्या ओळखीचाच, धाव्. मराठीत आपण अजूनही मदतीला ‘जात’ नाही, ‘धावतो’. हाकेला ‘धावून’ जातो. आणि आपल्या भक्तिपरंपरेत ‘धावा’ हे एका आर्त हाकेचेच नाव झाले आहे. गजेंद्र धावा करतो, द्रौपदी धावा करते, आणि देव धावतो. धावण्याची ही क्रिया साहित्याने देवाकडे सोपवली. अर्थशास्त्राने ती शेजाऱ्याकडे सोपवली, आणि तो धावला नाही तर त्याचा दंडही ठरवला. याच ग्रंथाचे चौथे अधिकरण आठ महाभये ‘दैव’ म्हणून सांगते, आणि त्यांत पहिले नाव अग्नीचे आहे. पर्वकाळी बलि, होम आणि स्वस्तिवाचन यांनी अग्निपूजा करावी, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे आग दैवी आहे हे सूत्रकाराला मान्यच आहे. पण म्हणून माणसाचा प्रमाद माफ होत नाही, आणि शेजाऱ्याचे धावणेही ऐच्छिक ठरत नाही. दैव आणि प्रमाद ही दोन स्पष्टीकरणे एकाच ग्रंथात शेजारी शेजारी राहतात, आणि एक दुसऱ्याची पळवाट होत नाही.

या नियमांना काळी बाजू नाही असे मात्र नाही. गवताने किंवा चटईने शाकारलेली छपरे काढून टाकावीत, असे याच ठिकाणी सांगितले आहे. गवताखाली कोण राहत होते? ज्याला कौल परवडत नाही तोच. त्याचे छप्पर काढल्यावर तो कोठे जाईल, याचे उत्तर सूत्रात नाही. अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांना एका जागी वसवावे, हाही नियम आहे. पुण्याची तांबट आळी किंवा गावोगावच्या लोहार आळ्या ही नावे वाचताना तो आठवतो. तेथे जात आणि धंदा ही कारणे स्वतंत्रपणे पुरेशी होती, हे खरे. परंतु धोकादायक काम करणाऱ्यांना वेगळे वसवण्याची वृत्ती किती जुनी आहे, हे यावरून कळते. शिवाय आगीची काळजी घेणारा हा अधिकारी आणि घरात उतरलेल्या पाहुण्यांची खबर ठेवणारा अधिकारी एकच आहे. सुरक्षितता आणि पाळत यांचे बिऱ्हाड पहिल्यापासून एकाच छपराखाली आहे.

सर्वांत मोठा विरोधाभास तेराव्या अधिकरणात सापडतो. शत्रूच्या दुर्गाला आग कशी लावावी, याची कृती तेथे दिली आहे. तटाच्या आत घरटी असलेले पक्षी पकडायचे, त्यांच्या शेपटीला ज्वालाग्राही चूर्ण बांधायचे आणि त्यांना सोडून द्यायचे; ते संध्याकाळी आपापल्या घरट्याकडे परततील. ज्या लेखणीने आपल्या नगरातल्या गवताच्या छपराची चिंता केली, त्याच लेखणीला शत्रूच्या नगरातले गवताचे छप्पर ही संधी वाटते. तरी तेथेही सूत्रकार लगेच सावध होतो. युद्धाने दुर्ग घेता येत असेल तर आग वापरू नये. ती विश्वासपात्र नाही, ती माणसे, धान्य, पशू सगळे मोजदादीशिवाय गिळते, आणि लुटायला काही उरत नाही. आगीला हेतू देता येतो, पण तिला हेतूत बांधून ठेवता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

या सूत्रांपासून आजपर्यंतचा इतिहास सांगणे हा या लेखाचा उद्देश नाही. परंतु धावण्याचे काम शेजाऱ्याच्या हातून कसे निघाले, एवढे पाहायला हवे. मुंबईपुरते बोलायचे तर 1888 च्या महानगरपालिका अधिनियमाने अग्निशमन दल ठेवणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरवले. धावणे हा आता पगारी, प्रशिक्षित, गणवेशधारी माणसाचा धर्म झाला, आणि त्या माणसाने तो पाळला. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर लागलेली आग विझवायला गेलेले 66 जवान स्फोटांत मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. या बदलाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याची एक बाजू आपल्या भाषेने केव्हाच टिपून ठेवली आहे. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही म्हण आपण कोठल्याही विसंगतीला लावतो. तिच्यातला ‘बंब’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. आग एकीकडे आणि ती विझवणारा दुसरीकडे, ही स्थिती निर्माण झाल्याशिवाय अशी म्हण जन्मत नाही. अर्थशास्त्राच्या नगरात बंब रामेश्वरी असूच शकत नव्हता. तो प्रत्येकाच्या दारात, पाच घटांच्या रूपाने, भरून ठेवलेला होता.

आणि तरीही जुनी जोडी परत आली आहे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ इमारतीतल्या आगप्रतिबंधक व्यवस्थेची जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकतो. गृहस्वामी आणि अवक्रयी यांचीच ही आधुनिक रूपे. इमारतीचा प्रकार व उंची यांनुसार कोणती साधने हवीत हे ठरलेले आहे. ती सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे आहे. कसूर केल्यास कारावास व द्रव्यदंड आहे. कायदा चांगला आहे आणि आवश्यकही आहे. फक्त ‘नसतील तर पाव पण’ आणि ‘न धावल्यास बारा पण’ या दोहोंपैकी त्याने पहिल्याचा विस्तार केला आहे. दुसऱ्याची जागा प्रमाणपत्राने घेतली आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. आजची आग गवताची नाही. ती विजेच्या तारांची, गॅसची, प्लास्टिकच्या विषारी धुराची आहे. दहाव्या मजल्यावर धूर कोंडला असता शेजाऱ्याने धावून जावे असे सांगणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात लोटणे. आज योग्य सूचना हीच, की लिफ्ट न वापरता जिन्याने बाहेर पडा आणि दलाला कळवा. हे पूर्णपणे मान्य आहे. पण मग ‘अभिधावन’ आज कोठे शोधायचे? माझ्या मते ते आगीच्या आधीच्या काळात शोधायला हवे. ज्याला आगीच्या वेळी जिन्यानेच खाली उतरायचे आहे, त्याच्यासाठी जिना मोकळा ठेवणे हेच आजचे धावणे आहे.

आणि तेथे आपण काय पाहतो? एका परिचितांच्या इमारतीत अनेक वर्षे जाणे-येणे होते. तळमजल्यावर रेतीच्या तांबड्या बादल्या टांगलेल्या होत्या. त्यांतली रेती पान खाणाऱ्यांच्या सोयीची झाली होती. पाण्याच्या नळीच्या पेटीला काच होती, आत नळी नव्हती. जिन्यात जुन्या सायकली, चपलांची कपाटे, कोणाचा तरी मोडका पलंग. गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ परगावी. या सर्व गोष्टी साधनांच्या यादीत बसवता येतील आणि कागदावर त्यांची पूर्तताही दाखवता येईल. परंतु त्या पलंगाच्या मालकाला आपण शेजाऱ्याचा जिना अडवला आहे असे एकदाही वाटले नाही, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

त्या इमारतीत दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, आणि त्यांत बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले राहत होती. सहामाही सभेला त्यांना कोणी बोलावत नसे. मताचा प्रश्नच नव्हता. दुसरा जिना कोठे आहे, गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. घरमालक दुसऱ्या उपनगरात राहत. आग लागली असती तर बारा पणांचा धनी तेथे नसता आणि सहा पणांच्या धन्याला वाट माहीत नसती.

आपल्या वर्गात समोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण असेच अवक्रयी असतात. त्यांना अर्थशास्त्र शिकवताना सप्तांग राज्य आणि मंडलसिद्धांत अवश्य शिकवावा. परंतु एखाद्या तासाला दुसऱ्या अधिकरणाचा शेवटचा अध्यायही उघडावा. घट, द्रोणी, निसण, सूप, पखाल हे शब्द त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. मग त्यांना विचारावे: तुमच्या खोलीपासून जिना किती पावलांवर आहे, आणि त्यात काय ठेवले आहे? उत्तर देता आले नाही, तर त्या संध्याकाळचा गृहपाठ तोच.